फाटलेला बूट आणि घसरू लागलेला क्लच: दोन्ही कामे एकत्र करावीत का?

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी 2011 सालची हॅचबॅक सुमारे सव्वा लाख किलोमीटर धावली आहे. मुलुंडहून अंधेरीला जाताना जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर तिचा बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर जातो. अलीकडे क्लच फार वर धरू लागला आहे, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावरच गाडी हलते. घोडबंदरला गायमुखच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही. पेडलचा मोकळा खेळ तपासून केबल जुळवून घेतली, तरी फरक पडला नाही. सपाट रस्त्यावर मात्र गाडी अजून नीट ओढते.

दुसरी अडचण अशी की, डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा रबरी बूट, म्हणजे तिथल्या वळणाऱ्या जॉइंटवरचे ग्रीस भरलेले आवरण, फाटला असून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूस उडाले आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली तरी कट-कट आवाज येत नाही, त्यामुळे जॉइंट अजून वाचलेला असावा. मेकॅनिक पूर्ण शाफ्टच बदलायला सांगतात. माझ्या मते जॉइंट उघडून, धुऊन, आतल्या गोळ्या व त्यांच्या खाचा तपासाव्यात आणि खड्डे पडलेले नसतील तर नवा बूट व ग्रीस पुरेसे आहे. कुर्ल्याच्या बाजारातला जुना शाफ्ट बसवणे मला पटत नाही, कारण तो किती झिजला आहे हे बाहेरून कळत नाही.

बूट पावसाळ्यापूर्वी बदलायलाच हवा. एकदा चिखलपाणी आत गेले की जॉइंट झपाट्याने झिजतो. क्लच कदाचित आणखी काही महिने चालेल. परंतु क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना शाफ्ट काढावेच लागतात, आणि तेव्हाच क्लचची प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट व पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग एकत्र बदलून, क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील आणि फ्लायव्हील (ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते ते इंजिनाचे जड चाक) हेही पाहून घेता येईल. सीलमधून तेल झिरपत असेल तर नवी प्लेटही घसरू लागेल, म्हणून ही तपासणी मला महत्त्वाची वाटते.

नोंदणीची 15 वर्षे यंदा पूर्ण होत असल्याने पुढील 5 वर्षांसाठी नूतनीकरण करून गाडी ठेवण्याचा विचार पक्का आहे. अशा वेळी बुटाच्या निमित्ताने क्लचचे काम आताच उरकावे, की सपाट रस्त्यावरही घसरण जाणवेपर्यंत थांबणे सुरक्षित आहे? तोपर्यंत फ्लायव्हील तापून खराब होण्याची शक्यता कितपत असते, हे ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया सांगावे.