रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड ठेवतो
रीफर म्हणजे शीतयंत्र असलेला कंटेनर ० अंशावर लावला की द्राक्षे रॉटरडॅमपर्यंत सुखरूप जातात, असे म्हटले जाते; या मताला पुरवणी जोडणे मला आवश्यक वाटते. कंटेनरचे यंत्र फक्त आधीच थंड केलेला माल थंड ठेवते. म्हणून नाशिकच्या पॅकहाउसमध्ये तोडणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंग करून मण्यांचे आतले तापमान ० ते २ अंशांपर्यंत उतरवावेच लागते. न्हावाशेवा बंदरात कंटेनरला विजेचा प्लग मिळेपर्यंतचा खोळंबा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तापमान वरखाली होताच पेटीतल्या प्लास्टिकच्या आत दव धरते, त्या ओलाव्याने बुरशी रोखण्यासाठी पेटीत ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड भराभर वायू सोडतो आणि देठाजवळचे मणी पांढरे पडतात. २०२३च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांवर तर प्रवास लांबल्याने तोच वायू शेवटपर्यंत पुरेल असे पाहावे लागते.