मिलादची सुट्टी अंधेरीत सोमवारी, भिवंडीत शुक्रवारी. आम्ही काय करायचं?

शुभदा_अंधेरी (4 सप्टेंबर 2025)
एका लहानशा मालवाहतूक कंपनीत मी हजेरी आणि पगार बघते. ऑफिस अंधेरीत, गोदाम भिवंडीजवळ माणकोलीला. ईद-ए-मिलादची सुट्टी उद्या, 5 ला होती. काल शासनाने ती मुंबई शहर आणि उपनगरासाठी सोमवारी, 8 ला नेली. बाकी महाराष्ट्रात 5 च राहिली. माणकोली ठाणे जिल्ह्यात. म्हणजे उद्या ऑफिस बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडणार आणि माल भरायला कोणी नाही. सोमवारी गोदामातून गाड्या निघणार आणि इथे फोन उचलायला कोणी नाही. (शुक्रवार-शनिवार-रविवार धरून गावची तिकिटं काढलेल्यांबद्दल तर बोलायलाच नको.) हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका सणाला एकच तारीख बसते. साहेब म्हणतात, "सरकारी आहे ते पाळा." कुठलं सरकारी?

नियमवाला_ठाणे
ती यादी तुम्हाला लागूच नाही. शासनाची सार्वजनिक सुट्टी 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली निघते; ती बँका आणि सरकारी कचेऱ्यांची. तुम्हाला 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम, त्यात ठरलेल्या संख्येइतकी माणसं असतील तर. वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आत आपसात ठरवायच्या. तुमच्या चारांत मिलाद आहे का?

शुभदा_अंधेरी
आहे. गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन, रमझान ईद आणि मिलाद.

सलीम_राहनाळ
ताई, मी राहनाळला गोदाम सांभाळतो, मूळचा महाडचा. चारांत मिलाद आहे आणि बकरी ईद नाही, हे वाचूनच कळलं की यादी ऑफिसात बसून झाली. गणपतीला जोडून येते म्हणून घातली असणार. गोदामात विचारलं असतं तर दहातले नऊ बकरी ईद म्हणाले असते.

यंदा बकरी ईद 7 जूनला झाली. आमचे निम्मे लोडर यूपी-बिहारचे. ते आठवडाभर आधीच निघतात आणि परत कधी येणार ते तिकडे पोचल्यावर कळवतात. यादीत सुट्टी असो वा नसो, कंटेनर दारात उभा. रमझानमध्ये दुपारी तीननंतर रोजेदाराकडून गोणी उचलून घेणं मला जमत नाही, म्हणून शटर सकाळी सहाला उघडतो आणि मोठी गाडी तरावीह (रमझानमधली रात्रीची नमाज) आटोपल्यावर भरतो. क्लायंटला हे समजावलं की तो ट्रॅकिंग नंबर मागतो!

तारीख सरकली म्हणून सरकारवर चिडू नका. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबरला. तेव्हा जुलूस 29 ला काढायचं मुस्लिम मंडळींनीच ठरवलं, सुट्टी मागून सरकली. 2024 ला 16 ची 18 झाली, यंदा 5 ची 8. सोमवारी भायखळ्याच्या खिलाफत हाऊसचा जुलूस आहे. हिजरी सालात अधिक महिना नसतो, त्यामुळे आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, गणपती 14 सप्टेंबरला आणि मिलाद ऑगस्टअखेर. मग ही भानगड तीसेक वर्षं तरी नाही.

आता उद्याचं. गोदाम बंदच ठेवा. शनिवारी विसर्जन, मुंबईत अवजड गाड्या सोडत नाहीत, तेव्हा भरून उपयोग नाही. माल सोमवारीच निघेल. ऑफिसातला एक माणूस सोमवारी बसवा, त्याला बदली सुट्टी द्या.

नियमवाला_ठाणे
आणि नोटीस काढताना सणाचं नाव लिहा, पुढे "चंद्रदर्शनानुसार". 2023 ला बकरी ईदचीही सुट्टी 28 जूनची 29 झाली होती, आषाढी एकादशीच्याच दिवशी.

शुभदा_अंधेरी
सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं. दोन ठिकाणं वेगळी दाखवली तर दोन तारखा बसतात, त्याचे पैसे वेगळे. सोमवारी मीच बसते. डिसेंबरात कोरी यादी गोदामात पाठवणार आहे. सलीमभाई, बकरी ईद मिळाली तर मिलाद सोडतील का तुमची माणसं?

सलीम_राहनाळ
सोडतील. फक्त आमच्याकडे दोघं मोहरम मागतात, तेही धरून ठेवा.