क्रॉसओव्हरची बॉटल पुसण्याआधी गेमची सेव्ह फाइल काढून घ्या
मॅकवर विंडोजचे गेम खेळण्यासाठी बूट कॅम्पची (मॅकवर विंडोज बसवण्याची ॲपलची सोय) जी शिफारस होते ती इंटेल प्रोसेसरच्या मॅकपुरती ठीक आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ पासूनच्या, ॲपलची स्वतःची चिप असलेल्या एकाही मॅकवर ती सोय नाही, त्यामुळे तिथे क्रॉसओव्हरसारखा मार्गच धरावा लागतो. हे सॉफ्टवेअर विंडोज न बसवताच विंडोजचे गेम चालवते आणि ते ‘बॉटल’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते. (व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमच्या वाटेला मात्र जाऊ नये, त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात शिरून चालते आणि इथे तो गाभाच नसतो.)

गेम अडखळू लागला की बॉटल पुसून नवी करा, असा सल्लाही दिला जातो. तो चुकीचा नाही, पण स्टीम क्लाउडची (प्रगती इंटरनेटवर साठवण्याची) सोय नसलेल्या गेमची प्रगती बहुधा त्या बॉटलमधल्या ‘ड्राइव्ह_सी’ फोल्डरातच साठलेली असते आणि बॉटलबरोबर तीही जाते. फाइंडरमध्ये ऑप्शन कळ दाबून धरून ‘गो’ मेनू उघडला की एरवी लपलेली ‘लायब्ररी’ दिसते. तिच्यातील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये क्रॉसओव्हरचा फोल्डर आणि त्यात सगळ्या बॉटल सापडतात. गेम अवाढव्य असेल, तर संपूर्ण बॉटलऐवजी ‘ड्राइव्ह_सी’मधील ‘यूजर्स’ एवढाच फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उचलून ठेवला तरी बहुतेक वेळा भागते.