दाढ वाचवावी की इम्प्लांट? मदत हवी आहे

आईची खालची दाढ, जुनं रूट कॅनल झालेली, चिक्की खाताना कॅपसकट तुटली. जिभेच्या बाजूला हिरडीच्या वर दाताची जेमतेम २ मिमी भिंत उरलीय, गालाकडे तेवढीही नाही. दुखत नाही, नुसतं टोचतं.

नाशकातल्या कॉलेज रोडचे डॉक्टर म्हणतात, रूट कॅनल पुन्हा करून पोस्ट (मुळात बसवायची आधाराची काडी) घालून कॅप बसवू. गंगापूर रोडचे म्हणतात, दाढ काढा, इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) करा. दोघेही ठाम!

वय ६२, मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४, रक्त पातळ करणारी गोळी नाही. साध्या एक्स-रेत मुळाला चीर दिसत नाही, सीबीसीटी (दाताचा थ्रीडी स्कॅन) केलेला नाही. ब्रिज नको, त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करायला मन धजत नाही. खर्च जमवू, पण दोनदा नको.

एवढ्याशा भिंतीवरची कॅप कुणाची चार-पाच वर्षं टिकलीय का? आणि नाशकात फक्त रूट कॅनलचंच काम करणारे, इम्प्लांट न करणारे एंडोडॉन्टिस्ट कोण, ज्यांचं तिसरं मत घेता येईल?