आल्प्समधली पहिली सायकल सहल : आल्प द्युएझ वगळावा का?

घाटवेडा
पुण्यातल्या आमच्या ग्रुपचं जुलैत फ्रेंच आल्प्सला जायचं चाललंय. मुक्काम बूर-द्वाझाँला. प्रत्येकाच्या यादीत पहिलं नाव एकच, तिथून वर जाणारा आल्प द्युएझचा घाट. माझं मत, वगळा! १९५२ साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत तिथे पहिल्यांदा चढली, इटलीचा कोप्पी जिंकला, तेव्हापासूनचं हे वलय. प्रत्यक्षात १३.८ किमी, सरासरी ८ टक्के, आणि वर पोचल्यावर काय, तर स्की रिसॉर्टच्या इमारती. त्यापेक्षा पलीकडच्या खोऱ्यातल्या साँ-मिशेल गावाहून गालिबिएची खिंड करा. आधी १५६६ मीटरचा तेलेग्राफ घाट, मग व्हालवार गावापर्यंत उतार (दीडेकशे मीटर कमाई पाण्यात), आणि तिथून पुन्हा १८ किमी चढ, थेट २६४२ मीटरवर. एकूण चढाई २१०० मीटरच्या आसपास, म्हणजे आल्प द्युएझच्या जवळपास दुप्पट. वाटेतल्या प्लाँ लाशाच्या पुढे झाड औषधालाही नाही. घाट म्हणावा तर असा.

चेनलूब
प्रचंड असहमत. मुक्काम बूर-द्वाझाँला आणि सुरुवात साँ-मिशेलहून? मधल्या डोंगररांगेचं काय करणार? ग्लाँदोंची खिंड ओलांडून जायचं म्हटलं तर ती ला मार्मोत झाली, हौशी सायकलस्वारांची एका दिवसाची मोठी राइड: ग्लाँदों, तेलेग्राफ, गालिबिए आणि शेवटी तुम्ही नाकारलेला तोच आल्प द्युएझ. पावणेदोनशे किमीच्या आसपास, ५००० मीटर चढाई. पहिल्याच सहलीत करून दाखवा, हार घेऊन उभा राहतो.

आल्प द्युएझ मुक्कामाच्या दारात आहे. पायांनी साथ दिली नाही तर मागे फिरा, घरंगळत खोलीवर. २१ वळणांचे आकडे उलटे, २१ पासून खाली, आणि पाट्यांवर तिथे जिंकलेल्यांची नावं. वळणात रस्ता जवळजवळ सपाट होतो, तेवढ्यात पाण्याचा एक घोट होतो. खरी मेख पायथ्याशी आहे. ला गार्द गावापर्यंतचा चढ १० टक्क्यांच्या घरात, तिथे जोशात उडालेला माणूस पुढची पंधरा वळणं नुसता भोगतो.

सह्यकन्या
दोघेही आकड्यांवर भांडताय. तिथल्याच क्रुआ द फेर घाटाची सरासरी बघा, ५ टक्क्यांच्या आसपास. वाटतं, सहज जमेल. पण त्यात मधले उतार धरलेत. ल रिव्हिए गावानंतर रस्ता धाडकन खाली जातो आणि लगेच १० टक्क्यांच्या वर चढतो, तेही पाय गार पडल्यावर. सिंहगडाच्या वेळा मिरवणाऱ्यांना दोन-अडीच तास एका लयीत बसून चढायची सवय नसते, मोडतो माणूस तो तिथे. पुढे ३४ दातांची चकती, मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरचा संच) घ्या, लाज बाळगू नका. आणि गालिबिएच्या माथ्यावर जुलैतही बोटं आखडतात. विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज खिशात नसतील तर उतारावर ब्रेक दाबताना रडाल.

घाटवेडा
@चेनलूब, गालिबिए लोतारे खिंडीच्या बाजूनेही होतो की. बूर-द्वाझाँहून थेट रस्ता आहे, लोतारेपासून माथा साडेआठ किमी.

चेनलूब
होतो. पण लोतारेच्या त्या रस्त्यावर बोगदे आणि ट्रक आहेत, पुढचा-मागचा दिवा लावूनच जा. शिवाय तुम्ही ज्याचं गुणगान गाताय तो उत्तरेचा चढ त्यात येतच नाही. मग उरलं काय?

घाटवेडा
उरला माथा! बरं, रिसॉर्टचा कंटाळा माझा मलाच. पण आल्प द्युएझ करायचाच तर मागच्या सारेनच्या खिंडीने चढा, वळणांनी उतरा. २०१३ साली टूरने आल्प द्युएझ एकाच दिवशी दोनदा चढवला तो याच खिंडीमुळे. रस्ता अरुंद, रहदारी नावापुरती.

चेनलूब
म्हणजे २१ वळणं फक्त उतरायची? अहो, पाट्या वाचायलाही वेळ मिळणार नाही.

सह्यकन्या
उतरताना पाट्या वाचू नका, कृपया.