सल्ला हवा: लॅटिन लोकवाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक, काय ऐकू?

खोकेबहाद्दर
मंडळी, पुण्यात एका हौशी बँडमध्ये काहोन वाजवतो, म्हणजे खोक्यावर बसून तेच खोकं बडवतो. ते मूळचं पेरूमधल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं, हे मला गेल्या वर्षी कळलं. तोवर मी त्याला खुशाल स्पेनचं समजत होतो! मग एक्वादोरच्या इलेक्ट्रॉनिकवाल्या निकोला क्रूझचा 'प्रेन्देर एल आल्मा' (२०१५) हा अल्बम ऐकला आणि झोप उडाली. तसलं आणखी हवंय. अट एकच, लोकवाद्य नुसतं तोंडी लावायला नको. खाली ठोकळेबाज किक (ड्रमचा जाड ठोका) आणि वर पावा सोडून दिलेला, असलं हॉटेलच्या लॉबीतलं संगीत पुष्कळ ऐकून झालं.
दुसरं, घरी लॅपटॉपवर काहोनचे लूप (फिरून फिरून वाजणारे तुकडे) करतोय, पण पार मेल्यासारखे वाटतात. काय चुकतंय?

रात्रपाळी
क्रूझचाच 'सिकू' (२०१९) घ्या. सिकू हा अँडीजमधला नळ्यांचा पावा. त्याचे सूर दोघांत वाटलेले असतात, इरा आणि आर्का. बहुधा एकाकडे सहा नळ्या, दुसऱ्याकडे सात. एक सूर याचा, पुढचा त्याचा. एकट्याने फुंकलं तर चाल अर्धीच ऐकू येते. हे डोक्यात ठेवून ऐका, मजा वाढते.
मग ब्युनोस आयरेसचा चांचा वीया सिर्क्वितो, 'रिओ आरिबा' (२०१०). 'ब्रेकिंग बॅड' पाहिली असेल तर होसे लाराल्देच्या गाण्याचं त्याने केलेलं रीमिक्स तुमच्या कानावरून गेलेलं आहे.

टुबाप्रेमी
सगळे अँडीजच्या धुक्यातच का जातात? लोकवाद्य म्हणजे पावा आणि पिसं एवढंच नाही हो. मेक्सिकोच्या सीमेवरचं तिहुआना गाठा. नॉर्टेक कलेक्टिव्ह, १९९९ पासून. तिथल्या स्टुडिओंत नॉर्तेन्यो (उत्तर मेक्सिकोचं लोकसंगीत) बँडचे टाकून दिलेले ट्रॅक पडलेले होते, ते उचलून यांनी टेक्नोत घातले. अकॉर्डियन, टुबा (मोठं पितळी वाद्य), तडतडणारा स्नेअर ड्रम. रद्दीतून सोनं. पहिला संग्रह २००१चा, 'तिहुआना सेशन्स'.

जुनापुराणा
तुम्ही 'प्रयोग' म्हणत असाल तर होआकिन ओरेयाना चुकवू नका. हे ग्वाटेमालाचे. साठच्या दशकात ब्युनोस आयरेसला इलेक्ट्रॉनिक संगीत शिकले, मायदेशी परतले तर तिथे तसा स्टुडिओच नाही. मग त्यांनी मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) सोडवून, वाकवून नवी वाद्यं घडवली, टेपवरचे आवाज लाकडातून काढायला. इथे गंगा उलटी वाहते, यंत्राकडून लाकडाकडे. माझ्या मते धाग्यातली सगळ्यात मोलाची शिफारस हीच, पण जेवताना लावू नका, घरचे उठून जातील.
अलीकडचं हवं तर कोलंबियाची लुक्रेसिया दाल्त, 'आय!' (२०२२).

मेणबत्ती
लूपचं सांगते. तुम्ही सगळंच ग्रिडवर चिकटवत असणार, म्हणजे प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या आखीव मात्रेवर. कोलंबियाच्या कुंबिया या लोकसंगीतात तीन ढोल असतात. त्यातला छोटा यामादोर कायम ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, घड्याळासारखा. दुसरा ढोल अलेग्रे मात्र त्याच्याभोवती मोकळा खेळतो. म्हणून यामादोरच्या जागी जे वाजतंय तेवढंच क्वांटाइझ करा (ग्रिडवर ओढा), बाकीच्याला हात लावू नका. आपल्याकडेही टाळ धरून ठेवतो आणि पखवाज बोलतो, तसंच.
आणि गायता, म्हणजे कोलंबियाची लांब उभी बासरी, वापरणार असाल तर सिंथ तिच्या सुराला लावा, ती सिंथच्या सुराला येणार नाही. पेटीवाल्यांना हे दुखणं माहीत आहे. कोलंबियातल्या सान हासिन्तो गावचा लोस गायतेरोस दे सान हासिन्तो हा गट नक्की ऐका, २००७चं लॅटिन ग्रॅमी त्यांना मिळालंय. गायतांची नर-मादी जोडी असते; त्यातली नर गायता वाजवणारा एका हाताने वाद्य धरतो आणि दुसऱ्या हाताने माराका (खुळखुळा) हलवतो. तुमच्या आठ ट्रॅकचं काम तो एकटा करतो.

खोकेबहाद्दर
मेणबत्तीताई, बरोब्बर! सगळं शंभर टक्के क्वांटाइझ होतं. आज काढलं, खोकं पुन्हा श्वास घ्यायला लागलं. ओरेयाना बायको माहेरी गेली की ऐकतो.
ही गायता मागवता येईल का? तिचं डोकं मेणाचं असतं म्हणे. आमच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात त्याचं काय होईल?

मेणबत्ती
नुसतं मेण नसतं, त्यात कोळशाची पूड मळतात आणि फुंकायला बदकाच्या पिसाची नळी खोचतात. पूड असते ती उन्हात मेण पाघळू नये म्हणूनच. सान हासिन्तोही काही महाबळेश्वर नाही. पण पत्र्याखाली ठेवू नका बाई, माठाशेजारी ठेवा.