जुमोंगची गोष्ट सांगताना मुलं 'कर्ण, कर्ण' म्हणतात

कर्वेनगरची आजी:
दर शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर मी मुलांना गोष्ट सांगते. नातीला कोरियाचं वेड, म्हणून या वेळी गोगुर्यो राज्य स्थापणाऱ्या जुमोंगची घेतली. नदीदेवाची मुलगी युह्वा खोलीत कोंडलेली. तिच्या अंगावर ऊन येतं. ती सरकली की ऊनही मागोमाग सरकतं. तिला दिवस जातात आणि होतं अंडं! त्यातून निघालेला जुमोंग पुढे मोठा धनुर्धर झाला म्हणताच पाचवीतला एकजण ओरडला, "आजी, हा तर कर्ण!" सगळ्यांनी तेच धरलं. 'हो, तसाच' म्हणून पुढे जाऊ का? मला रुखरुख लागलीय.

कोरियन शिकतोय:
नको आजी. सूर्य आणि धनुष्य सारखं, पण इथे बाळाला आई सोडत नाही. अंडं टाकतो बुयो राज्याचा राजा गुम्वा. कुत्री-डुकरं खाईनात, रस्त्यावर टाकलं तर गुरं-घोडी वळसा घालून जातात, रानात पाखरं पंखाखाली घेतात. फोडायला गेला तर फुटेना. शेवटी आईलाच परत दिलं, तिने गुंडाळून उबेला ठेवलं. ११४५ च्या 'सामगुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथात हे आहे. बुयोच्या बोलीत 'जुमोंग' म्हणजेच नेमबाज.

नदीकाठचा:
जुमोंग बुयोतून पळतो तेव्हा मासे आणि कासवं त्याच्यासाठी नदीवर पूल करतात, तिथे मुलं वसुदेव म्हणणार. म्हणू द्या. गोगुर्योची स्थापना परंपरेने इ.स.पू. ३७ ची मानतात.

कोरियन शिकतोय:
आणखी एक. कोरियन कवी यी ग्यू-बोच्या ११९३ च्या काव्यात जुमोंगला आई निरोप देताना पाच धान्यांचं बियाणं देते. ताटातुटीच्या दुःखात जव मागेच राहतात. पुढे झाडाखाली बसलेला असताना पारव्यांची जोडी येते. आईनेच जव पाठवले असणार, हे तो ओळखतो. एका बाणात दोन्ही पाडतो, घशातून दाणे काढतो, पाणी शिंपडतो, तशी ती उठून उडून जातात. आई मात्र बुयोतच राहिली, तिथेच वारली.

कर्वेनगरची आजी:
हे वाचून डोळे भरून आले रे. लग्न होऊन पुण्याला निघाले तेव्हा आईने फडक्यात वालाचं बी बांधून दिलं होतं. जागा नव्हती, मी ते पेरलंच नाही.
शनिवारी आधी मंडईतून मूठभर जव आणते. मुलांच्या हातावर दोन-दोन दाणे ठेवीन आणि गोष्ट तिथूनच सुरू करीन.